पुढून उघडणारे वस्त्र : मराठी वस्त्रव्यवहारातील कार्डिगन (तासगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

दिवाळी सरली की मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून हिवाळी पोशाखाविषयीचे लेखन दरवर्षी प्रसिद्ध होते. या लेखनात कार्डिगनचा उल्लेख बहुधा ‘पुन्हा आलेले’ वस्त्र म्हणून केला जातो. जे पुन्हा येते ते मध्यंतरी गेलेले असले पाहिजे, हे त्यामागील गृहीतक असते. तासगावसारख्या तालुक्याच्या गावातील कपाटे आणि पत्र्याच्या ट्रंका पाहिल्या, तर हे गृहीतक टिकत नाही. डांबराच्या गोळ्या घालून आठ-नऊ महिने ठेवलेला आणि कार्तिकात उन्हात टाकला जाणारा बटणांचा स्वेटर तेथे अनेक दशके आहे. तो शिक्षिकेच्या साडीवर आहे, निवृत्त लिपिकाच्या सदऱ्यावर आहे आणि धोतर नेसणाऱ्या वृद्ध शेतकऱ्याच्या अंगावरही आहे. एकच वस्त्र स्त्री आणि पुरुष दोघांच्या कपाटात, फारसा बदल न होता इतका काळ टिकते, ही गोष्ट मराठी वस्त्रव्यवहारात विरळाच म्हणावी लागेल.

प्रस्तुत लेखात ‘कार्डिगन’ ही संज्ञा पुढून पूर्ण उघडणाऱ्या, बटणे असलेल्या, लोकरीच्या किंवा कृत्रिम लोकरीच्या विणलेल्या वस्त्रासाठी वापरली आहे. बोलीत या वस्त्राला स्वतंत्र नाव नाही. डोक्यातून घालायचा तो ‘स्वेटर’ आणि पुढून उघडणारा तो ‘बटणाचा स्वेटर’, एवढाच भेद सर्वसाधारण बोलण्यात केला जातो. ‘कार्डिगन’ हा शब्द दुकानाच्या आणि पुरवणीच्या भाषेत राहिला. नाव रुळले नाही, पण वस्तू रुळली. या वस्तूच्या दीर्घकालीन आकर्षणाची कारणे तासगाव परिसराच्या संदर्भात तपासणे आणि त्या आकर्षणाची मर्यादा दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रचलित इतिहासकथन आणि त्याच्या मर्यादा

कार्डिगनविषयीचे बहुतेक लेखन दोन व्यक्तींपासून सुरू होते. पहिली व्यक्ती म्हणजे कार्डिगनचा सातवा अर्ल जेम्स ब्रूडनेल (१७९७-१८६८). क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश हलक्या घोडदळाने केलेल्या आत्मघातकी चढाईचे नेतृत्व त्याने केले आणि विणलेल्या लोकरी बंडीला त्याचे नाव मिळाले. दुसरी व्यक्ती म्हणजे फ्रेंच वेशकार कोको शनेल (१८८३-१९७१). डोक्यातून स्वेटर घालताना केस विस्कटतात, म्हणून तिने पुढून उघडणारे स्वेटर पसंत केले, असे सांगितले जाते. या दोन कथांनी वस्त्राचा उगम आणि त्याचा युरोपीय प्रसार समजतो. मात्र घोडदळाशी आणि पॅरिसच्या वेशगृहांशी काडीचाही संबंध नसलेल्या तासगावच्या बाजारपेठेत ते वस्त्र का टिकले, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

सैद्धांतिक लेखनाकडे वळल्यासही अडचण राहते. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फॅशनविषयक ग्रंथात प्रत्यक्ष वस्त्राऐवजी नियतकालिकांत ‘लिहिलेल्या’ वस्त्राचा अभ्यास केला. त्यांची पद्धत पुरवण्यांतील ‘पुनरागमना’ची भाषा उलगडण्यास उपयोगी पडते, परंतु ज्या वस्त्राविषयी कोणी लिहिलेच नाही, त्यापाशी ती थांबते. मालवण येथे जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९५१ च्या ‘इंडियन कॉस्च्यूम’ या ग्रंथात भारतीय पोशाखाचा विस्तृत ऐतिहासिक आढावा घेतला. एमा टार्लो यांनी १९९६ च्या ‘क्लोदिंग मॅटर्स’ या ग्रंथात, काय ल्यावे हा भारतीय माणसापुढचा प्रश्न राजकीय आणि सामाजिकही असतो, हे गुजरातमधील क्षेत्रअभ्यासाच्या आधारे दाखविले. या लेखनाने वस्त्र हा गंभीर अभ्यासविषय ठरविला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि अशा चर्चेत साडी, धोतर, पगडी, खादी, सूट ही ठळक चिन्हे पुढे येतात. साडीवर घातलेला राखाडी स्वेटर ‘पारंपरिक’ या खान्यात बसत नाही आणि ‘पाश्चात्त्य’ या खान्यातही बसत नाही; म्हणून तो नजरेआड होतो. या नजरेआड होण्यातच त्याच्या टिकाऊपणाचे एक कारण दडलेले आहे. ज्या वस्त्राची कोणी दखल घेत नाही, त्याला कोणी विरोधही करीत नाही. मुलीच्या किंवा सुनेच्या अंगावरच्या पंजाबी ड्रेसवरून, जीन्सवरून मराठी घरांत वाद झाले. सासूबाईंच्या किंवा सूनबाईंच्या स्वेटरवरून वाद झाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

हवामान आणि वस्त्राची रचना

तासगाव हा पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील तालुका आहे. येथील हिवाळा कडाक्याचा नसतो, पण फसवा असतो. पहाटे द्राक्षबागांवर दव असते आणि अंगात हुडहुडी भरते. दहाच्या सुमारास ऊन चढते आणि दुपारी बाराला सावली शोधावी लागते. सूर्य मावळला की पुन्हा गारठा. एका दिवसात ऋतूच बदलल्यासारखा वाटावा, इतका हा फरक जाणवतो. अशा हवेत खूप उबदार वस्त्रापेक्षा ऊब कमी-जास्त करता येईल असे वस्त्र उपयोगी पडते.

कार्डिगनमध्ये ही सोय रचनेतच आहे. सकाळी सर्व बटणे लावलेली, नऊ वाजता वरची दोन उघडलेली, दहाला सगळी मोकळी, अकराला स्वेटर खुर्चीच्या पाठीवर. डोक्यातून घालायच्या स्वेटरला घालणे आणि काढणे अशा दोनच अवस्था असतात. शिवाय तो काढताना हात वर करावे लागतात, आतला सदरा किंवा पदर वर ओढला जातो, चष्मा सांभाळावा लागतो. वर्गात, कचेरीत किंवा एस. टी.च्या गर्दीत हे अवघड आणि संकोचाचे असते. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत बंद स्वेटर दिवसभर अंगावर राहू शकतो. सातारा-सांगलीच्या पठारी भागात तो दुपारी ओझे होतो. म्हणून लोकरीच्या जाडीपेक्षा पुढची फट हा येथे अधिक महत्त्वाचा गुण ठरतो.

पदर, फेटा आणि बटणे

हवामान हे कारण आवश्यक असले तरी पुरेसे नाही. मराठी पोशाखाच्या अंतर्गत रचनेशी कार्डिगनचे जे जुळते, ते अधिक मूलभूत आहे. अंगरखा पुढून बांधला जाई. बाराबंदी तिच्या बंदांसह पुढेच मिळे. पुरुषांची बंडी पुढून उघडते. स्त्रियांची जुन्या पद्धतीची खणाची चोळी पुढे गाठ मारून घातली जाते आणि नंतरच्या ब्लाउजचे हुकही बहुधा पुढेच राहिले. सदरा आणि पैरण डोक्यातून घातली जात असली, तरी छातीपर्यंतची पट्टी आणि सैल बेत यांमुळे त्यांचा त्रास जाणवत नाही. मराठी अंगाला पुढून बंद होणाऱ्या वस्त्राची सवय अशी फार जुनी आहे. कार्डिगन विलायतेतून आले, पण ज्या जागी येऊन बसले ती जागा आधीपासून तयार होती.

डोक्याचा विचार केल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. जुन्या पिढीतील मराठी पुरुषाचे डोके सहसा उघडे नसे. टोपी, पटका किंवा फेटा असे. फेटा बांधणे हे मिनिटभराचे काम नाही आणि स्वेटर घालण्यासाठी तो उतरविणे कोणालाच परवडणारे नाही. स्त्रीच्या बाबतीत अंबाडा, त्यावरचा गजरा, कानांतील कुड्या, कपाळावरचे कुंकू आणि गळ्यातील मंगळसूत्र यांना धक्का न लावता अंगावर चढणारे लोकरी वस्त्र पुढून उघडे असणेच भाग होते. शनेलच्या केसांची कथा युरोपात एका स्त्रीच्या आवडीची कथा म्हणून सांगितली जाते. मराठी स्त्रीच्या बाबतीत तोच मुद्दा सौभाग्यचिन्हांच्या व्यवस्थेशी जोडलेला आहे. पुष्कळ शाळांच्या गणवेशांत मुलांना बंद गळ्याचा आणि मुलींना बटणांचा स्वेटर असे, यामागे रिबिनी बांधलेल्या दोन वेण्यांचा व्यावहारिक विचार असावा, असा तर्क करण्यास जागा आहे.

पदराच्या संदर्भात कार्डिगन घालण्याच्या दोन पद्धती आढळतात. पहिलीत स्वेटर ब्लाउजवर चढवून त्यावरून पदर घेतला जातो. यात पदर मोकळा राहतो, प्रसंगी डोक्यावर घेता येतो, साडीचे काठ दिसतात आणि स्वेटर एक प्रकारे ब्लाउजचा लोकरी जोडीदार होतो. दुसरीत साडी पूर्ण नेसून, पदरासह, वरून स्वेटर घातला जातो. यात पदर आत अडकतो, हात मोकळे होतात, फळ्यावर लिहिताना किंवा टंकलेखन करताना पदर सावरावा लागत नाही. पहिली पद्धत घरातील ज्येष्ठ स्त्रियांत व देवदर्शनासारख्या प्रसंगी, तर दुसरी नोकरीच्या ठिकाणी अधिक दिसते. पदर वर की स्वेटर वर, या साध्या निवडीत स्त्रीच्या दिवसातील दोन भूमिकांचे अंतर सामावलेले आहे. महत्त्वाचे हे की एकच वस्त्र या दोन्ही भूमिकांना चालते आणि एकीकडून दुसरीकडे जाताना ते बदलावे लागत नाही.

स्त्री-पुरुष भेदाची एक खूण कार्डिगनवर अवश्य असते. युरोपीय शिवणपद्धतीत पुरुषांच्या वस्त्राला बटणे उजव्या बाजूस आणि स्त्रियांच्या वस्त्राला डाव्या बाजूस लावण्याचा संकेत आहे. कारखान्यातील माल हा संकेत पाळतो; घरातील वापर मात्र तो बिनदिक्कत मोडतो. नवऱ्याचा स्वेटर बायको पहाटे पाणी भरायला जाताना अंगावर टाकते. मुलाचा जुना स्वेटर आईकडे येतो आणि सासूचा नातीकडे जातो. बटणे कोणत्या बाजूला आहेत, हे पाहिले जात नाही. धोतर आणि लुगडे ही वस्त्रे लिंगभेद इतक्या स्पष्टपणे सांगतात की वरच्या स्वेटरवर तो भार टाकण्याची गरजच राहत नाही. कार्डिगन दोघांच्या कपाटात राहू शकते ते त्यामुळे.

लोकरीचा प्रदेश आणि परकी लोकर

तासगावच्या पूर्वेस आटपाडी, कवठेमहांकाळ, जत आणि उत्तरेस साताऱ्यातील माण, खटाव हा धनगरांचा व मेंढरांचा मुलूख आहे. सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी हे या मुलखाचे खरे लोकरी वस्त्र होय. घोंगडी पांघरता येते, अंथरता येते आणि डोक्यावरून खोळ करून पावसात वापरता येते. तिलाही स्त्री-पुरुष भेद नाही. ब्राह्मणी घरांत लोकरीची धाबळी सोवळ्याला चालत असे. तेव्हा लोकर येथे परकी नव्हती आणि अपवित्रही नव्हती. विणलेल्या स्वेटरचा स्वीकार सुकर होण्यास हेही एक कारण मानता येईल.

तरीही घोंगडीतून कार्डिगन निर्माण झाले नाही. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि आखूड असते. घोंगडी आणि जेन यांसाठी ती योग्य, पण अंगालगत घालण्याच्या मऊ वस्त्रासाठी गैरसोयीची. मेंढपाळाचे उत्पन्नही प्रामुख्याने मांसाकडे वळले. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीची ख्याती मांसासाठीच आहे. परिणामी लोकर पिकविणाऱ्या या प्रदेशाने स्वेटरची लोकर बाहेरून आणली. ती आधी गुंड्यांच्या रूपाने आली आणि नंतर तयार स्वेटरच्या रूपाने.

गुंडीचा काळ हा मराठी मध्यमवर्गीय स्त्रीच्या हस्तश्रमाचा काळ आहे. मुलींच्या शाळांतील शिवण-विणकामाचे तास, परस्परांकडून उतरवून घेतलेले नमुने आणि स्त्रियांच्या नियतकालिकांतून मिळणारे मार्गदर्शन यांमधून दोन सुयांवरचे विणकाम घरोघर गेले. तासगावनजीकच्या किर्लोस्करवाडीहून १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले. सुशिक्षित गृहिणी हा एक स्वतंत्र वाचकवर्ग आहे, ही जाणीव अशा मासिकांनी दृढ केली आणि विणकाम हा त्या वर्गाच्या फावल्या वेळेचा एक मान्य उद्योग होता. विणणारीच्या दृष्टीनेही कार्डिगन सोयीचे. पाठ, पुढचे दोन भाग आणि दोन बाह्या असे सपाट तुकडे विणून जोडायचे. माप थोडे चुकले तरी काज-बटणांच्या पट्टीत ते सामावते. मूल वाढले की स्वेटर उसवायचा, लोकर धुऊन वाळवायची आणि तिचाच नवा विणायचा. एकच लोकर दोन-तीन मुलांच्या अंगावरून जाई. हा श्रम कोणत्याही हिशेबात धरला गेला नाही. ‘वेळ जात नाही म्हणून विणते’ असे विणणारी स्वतःच म्हणे आणि घरातील सर्वांना ते पटे. प्रत्यक्षात एका मोठ्या माणसाच्या स्वेटरमागे कित्येक आठवड्यांच्या दुपारी असत.

ॲक्रिलिक धाग्याने हे चित्र पालटले. हा धागा स्वस्त, वजनाला हलका, कसर न लागणारा आणि घरी धुता येण्याजोगा आहे. पंजाबातील लुधियानाच्या यंत्रांवर विणलेला तयार स्वेटर हाती विणलेल्यापेक्षा कमी खर्चात मिळू लागला. त्याच्या वितरणात तिबेटी निर्वासितांचा वाटा मोठा आहे. १९५९ नंतर भारतात आलेल्या आणि कर्नाटकातील बैलकुप्पे, मुंडगोड किंवा महाराष्ट्रातील गोठणगाव येथील नॉर्गेलिंग यांसारख्या वसाहतींत स्थिरावलेल्या या समाजातील अनेक कुटुंबांनी हिवाळी स्वेटर-विक्री हा जोडधंदा केला. स्वतःच्या देशाच्या थंडीला पारखे झालेले लोक दख्खनच्या सौम्य थंडीला पंजाबचा माल विकतात, आणि घेणारा त्याला ‘तिबेटी स्वेटर’ म्हणतो. परंपरा, प्रदेश आणि वस्त्र यांचे नाते सरळ रेषेत मांडणाऱ्या अभ्यासकाने हे उदाहरण ध्यानात ठेवावे असे आहे. विकत घेतलेल्या मालात विणणारीच्या दुपारी वाचल्या, ही जमेची बाजू. परंतु ॲक्रिलिकवर गोळे येतात, आणि एकदा विटलेला स्वेटर उसवून पुन्हा विणण्याचा व्यवहारही बहुतांशी संपला.

खिसा, श्रम आणि शर्ट

कार्डिगनच्या आकर्षणाचे आणखी एक कारण त्याच्या खिशात आहे. साडीला खिसा नाही. नाणी कनवटीला लावणे, पदराच्या टोकाला गाठ मारणे किंवा ओच्यात धरणे हेच स्त्रीचे खिसे होते. कार्डिगनने तिला दोन खरे खिसे दिले. खडू, कपाटाची किल्ली, रुमाल, एस. टी.चे तिकीट आणि पुढे मोबाइल त्यांत राहू लागला. नोकरदार स्त्रीच्या अंगावर स्वेटर जितका थंडीसाठी आहे, तितकाच या खिशांसाठीही आहे.

येथेच कार्डिगनविषयीच्या कौतुकाची मर्यादा दिसू लागते. तासगाव परिसरातील द्राक्षबागेत, विशेषतः जानेवारी ते मार्चच्या काढणीत, पहाटेपासून राबणाऱ्या मजूर स्त्रीच्या अंगावर कार्डिगन क्वचितच असते. तिच्या साडीवर असतो नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. उसाच्या फडातही हेच चित्र दिसते. शर्टमुळे उसाच्या पात्याने हात कापत नाही, उन्हाने कातडी भाजत नाही, फवारणीचा अंश थेट अंगाला लागत नाही आणि पहाटेचा वारा थोडा अडतो. रचनेच्या दृष्टीने हा शर्ट म्हणजे कार्डिगनच आहे. तो पुढून उघडतो, बटणांचा आहे, साडीवर चढतो, पदर आत घेतो, हात मोकळे करतो आणि छातीवर एक खिसाही देतो. वर मांडलेले सर्व गुण त्याला लागू पडतात. त्याच्यात नाही ती फक्त ऊब. आणि तो तिच्या मापाचा नाही.

हे साम्य आणि हा भेद एकत्र वाचले पाहिजेत. शिक्षिकेचे कार्डिगन तिच्यासाठी विणले गेलेले किंवा तिने निवडलेले असते. त्याचा रंग साडीशी जुळविता येतो. मजूर स्त्रीचा शर्ट दुसऱ्याचा वापरून झाल्यावर तिच्याकडे येतो. पहिले वस्त्र ती छायाचित्रातही अंगावर ठेवते. दुसरे गावात शिरण्यापूर्वी अनेकदा काढून पिशवीत ठेवले जाते, कारण ते ‘कामाचे’ आहे, ‘नेसण्याचे’ नाही. पुरवण्यांनी पुरुषी मापाचे सैल स्वेटर स्त्रियांसाठी नवी तऱ्हा म्हणून छापले, तेव्हा पुरुषाचे वस्त्र स्त्रीने ल्यावे ही गोष्ट या शिवारात नित्याची होती. तिला तऱ्हा म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. एकाच कृतीला एका वर्गात आवड आणि दुसऱ्या वर्गात नाइलाज म्हटले जाते. वस्त्रसमीक्षेने फक्त आवडीचीच नोंद घेतली, तर ती पुरवणीच्या पलीकडे जात नाही.

उपयुक्ततेच्या दृष्टीनेही प्रश्न उरतो. बेदाणा आणि द्राक्ष यांवर ज्या तालुक्याचे अर्थकारण उभे आहे, तेथे पहाटेच्या गारठ्यात काम करणाऱ्या स्त्रीसाठी ऊब, संरक्षण आणि खिसा देणारे, तिच्या मापाचे वस्त्र रूढ झालेले नाही. कार्डिगनची लोकर द्राक्षाच्या काडीत अडकते, फवारणीचा वास धरून ठेवते आणि रोज धुऊन वाळत नाही. त्यामुळे ते बागेत चालणारे नाही. अंगावरचा शर्ट ही त्या स्त्रीने स्वतः शोधलेली तडजोड आहे. त्या तडजोडीतील बुद्धी मान्य करणे आवश्यक आहे. पण ती तडजोड आहे हेही विसरता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मराठी वस्त्रव्यवहारात कार्डिगनचे आकर्षण फॅशनच्या आवर्तनांवर अवलंबून नाही. दिवसाच्या तापमानातील चढ-उताराशी आणि पुढून बंद होणाऱ्या वस्त्रांच्या जुन्या सवयीशी त्याची रचना जुळते, म्हणून ते टिकले.

२. पदर, अंबाडा, मंगळसूत्र, टोपी, फेटा यांपैकी कशालाही हे वस्त्र हात लावत नाही. आधीच्या पोशाखात बदल न मागता त्यात भर घालण्याच्या या गुणामुळे त्याला विरोध झाला नाही आणि त्याची नोंदही झाली नाही.

३. स्त्री-पुरुष भेद साडी-धोतराकडे सोपविलेला असल्याने वरचे वस्त्र दोघांना समाईक राहू शकले. बटणांच्या बाजूचा युरोपीय संकेत घरगुती वापरात निरर्थक ठरला.

४. हाताने विणलेल्या स्वेटरमागील स्त्रीश्रम आणि शेतमजूर स्त्रीच्या अंगावरील पुरुषी शर्ट या दोन गोष्टी कार्डिगनच्या इतिहासाचा अविभाज्य भाग आहेत. त्या वगळून केलेले या वस्त्राचे कौतुक अपुरे ठरते.

वस्त्रांचा अभ्यास संग्रहालयातील पैठणी आणि पगडीपुरता राहिला, तर बहुसंख्य माणसांच्या अंगावरचे वस्त्र अभ्यासाबाहेरच राहील. कार्डिगनसारखी साधी वस्तू हाती घेतली की हवामान, सौभाग्यचिन्हे, निर्वासितांचा व्यापार, घरातील बिनमोल श्रम आणि शिवारातील मजुरी हे सारे विषय आपोआप एका जागी येतात. ग्रामीण महाविद्यालयांतील समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी या विभागांना विद्यार्थ्यांच्या घरच्या ट्रंकांपासून असा अभ्यास सुरू करता येईल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. ट्रंकेतले कोणते वस्त्र कोणासाठी घेतले होते आणि शेवटी ते कोणाच्या वाट्याला आले, एवढे दोन प्रश्न प्रत्येक घरात विचारले तरी पुष्कळ हाती लागेल.